गाडीतला दोष कंपनी मान्य करत नसेल तर काय करायचं: जॉब कार्डपासून ग्राहक आयोगापर्यंत

नव्या गाडीचा गिअर अडकतो, चढावर क्लच जळाल्याचा वास येतो, स्क्रीन आपोआप बंद पडते किंवा पहिल्याच पावसात पायाखालची कार्पेट ओली होते. वर्कशॉपमध्ये गेल्यावर उत्तर मिळतं, "या मॉडेलला असंच असतं साहेब." हे उत्तर नेहमी तोंडी असतं. दीड वर्षानंतर तीच कंपनी ग्राहक आयोगासमोर लेखी सांगते की अशी तक्रार आमच्याकडे कधी आलीच नाही. जॉब कार्डं, म्हणजे गाडी वर्कशॉपमध्ये घेताना तक्रार आणि काम नोंदवायचे कागद, काढून बघितली तर त्यांवर खरोखरच 'जनरल चेकअप, वॉशिंग, व्हील अलाइनमेंट' एवढंच असतं.

गाडीत दोष आहे हे तुम्हाला माहीत असतं, वर्कशॉपलाही माहीत असतं. तो कुठल्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणाला दाखवला आणि त्यावर काय केलं हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. बहुतेक चांगली प्रकरणं याच कारणाने पडतात. म्हणून शोरूममध्ये आवाज चढवण्याआधी पुढची कामं करा.

दोष मोजा आणि नोंदवा

"गाडी व्हायब्रेट होते" ही तक्रार फेटाळणं सोपं आहे. "८५ ते १०० किमी वेगाला स्टिअरिंग थरथरतं, न्यूट्रलमध्ये टाकलं तरी थांबत नाही, ब्रेक न लावताही होतं" ही तक्रार फेटाळता येत नाही, कारण त्यात निदानाची दिशा आहे. वेगाबरोबर बदलणारी थरथर चाकं, टायर, बॅलन्सिंगकडे बोट दाखवते. गाडी उभी असताना ठरावीक आरपीएमला येत असेल तर इंजिन किंवा त्याचे माउंटिंग बघावे लागतात. फक्त ब्रेक लावल्यावर येत असेल तर डिस्क, आणि फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर येऊन पाय काढताच जात असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट किंवा माउंटिंग. दोष येतो तेव्हा वेग, गिअर, आरपीएम, इंजिन थंड की गरम, एसी चालू की बंद, पाऊस होता का आणि गाडीत किती माणसं होती, या सात गोष्टी मोबाइलमध्ये त्याच दिवशी टिपून ठेवा.

चेक इंजिन दिवा लागत असेल तर ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारं छोटं यंत्र, घ्या. ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, ब्लूटूथचा साधा रीडर तिथे बसतो. कोड वाचा, स्क्रीनशॉट काढा आणि कोडसोबतचा 'फ्रीझ फ्रेम' डेटाही जतन करा. दोष नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान काय होतं ते त्यात असतं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटलेली. कोड म्हणजे निदान नव्हे, त्या दिशेने शोध घ्यायचा आहे एवढाच त्याचा अर्थ. पण गाडीच्याच कॉम्प्युटरने दोष नोंदवलेला असताना "काही सापडलं नाही" असं लिहिणं वर्कशॉपला अवघड जातं.

इथे दोन गोष्टी सांभाळा. वर्कशॉपला जाण्याआधी कोड पुसू नका आणि बॅटरीचं टर्मिनल काढू नका. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्या शून्यापासून सुरू होतात. दुसरं म्हणजे, वाचून झालं की रीडर काढून घ्या. तो कायम लावून ठेवलेला दिसला तर बॅटरी उतरल्याचा आणि इलेक्ट्रिकल गडबडीचा सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो. एअरबॅग आणि एबीएसचे कोड साध्या रीडरला बहुतेक वेळा दिसत नाहीत. त्यासाठी वर्कशॉपच्या स्कॅनरवरचा संपूर्ण सिस्टीम स्कॅन रिपोर्ट मागा, छापील नाहीतर पीडीएफ.

इंजिन ऑइल पीत असेल तर मोजण्याची रीत ठरलेली आहे. सपाट जागा, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरायचं. ऑइल कॅप, ड्रेन प्लग आणि फिल्टरवर वर्कशॉपकडून रंगाची खूण करून घ्यायची, आणि हजार किलोमीटरनंतर त्याच रीतीने पुन्हा मोजायचं. मधे किती ऑइल घालावं लागलं ते मिलिलिटरमध्ये लिहायचं. आधी मॅन्युअलमधली मर्यादा वाचा. काही कंपन्यांनी ती हजार किलोमीटरला एक लिटर इतकी सैल ठेवलेली असते, आणि मर्यादेच्या आतल्या आकड्यावर भांडून हाती काही लागत नाही. अशा वेळी खप महिन्यागणिक वाढतोय का हे दाखवणारे आकडे जास्त उपयोगी पडतात.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर सकाळी स्टार्ट करण्याआधी व्होल्टेज मोजा. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती साधारण निम्म्यावर आलेली. गाडी लॉक केल्यानंतर सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. त्यानंतर डीसी क्लॅम्प मीटरवर ५० मिलिअँपिअरपेक्षा बराच जास्त प्रवाह दिसला तर काहीतरी जागं राहतंय. हे मोजमाप वर्कशॉपमध्ये तुमच्यासमोर करून घ्या आणि आकडा जॉब कार्डवर लिहून घ्या.

पाणी गळत असेल तर आधी ते कुठलं पाणी आहे हे ठरवा. पाऊस नसताना, एसी चालवल्यावर पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी स्वच्छ पाणी येत असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो. चिकट आणि गोडसर वासाचं पाणी म्हणजे कूलंट. पावसाचंच असेल तर कार्पेट उचलून खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि बाहेरून पाइपने खालून वर अशा क्रमाने पाणी मारा. आधी दाराचा खालचा भाग, मग काच, मग छत, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि ते नेमकं कुठून शिरलं हे कळत नाही.

व्हिडिओ काढताना तो नंबर प्लेटपासून सुरू करा, न थांबता ओडोमीटरवर या आणि मग दोष दाखवा. कापाकापी नको, गाणं नको. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, कारण व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीत मूळ तपशील उरत नाहीत. अर्थात गाडी चालवताना व्हिडिओ शेजारच्याने काढायचा.

जॉब कार्ड: सगळ्यात महत्त्वाचा कागद

सर्व्हिस अॅडव्हायझर तुमची तक्रार ऐकतो आणि कॉम्प्युटरवर स्वतःच्या भाषेत, बहुतेक वेळा ड्रॉपडाउनमधून निवडून, टाकतो. "तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना गिअर अडकतो, थंड इंजिनला जास्त" याचं तिथे 'गिअर शिफ्टिंग चेक' होतं. हे होऊ देऊ नका. तक्रार घरून टाइप करून न्या, दोन प्रती. एक त्याला द्या, दुसरीवर तारीख, सही, शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार मिळाला तर काउंटरवरूनच वर्कशॉपच्या अधिकृत ईमेलवर तोच मजकूर पाठवा. जॉब कार्डच्या ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात तुमचे शब्द आहेत का ते वाचल्याशिवाय सही करू नका.

सोबत टेस्ट ड्राइव्हला वर्कशॉपचा माणूस घ्या आणि दोष त्याला दाखवा. दोष दिसला तर "टेस्ट ड्राइव्हमध्ये तक्रार आढळली" एवढे चार शब्द जॉब कार्डवर हवेत. पुढे एखाद्या तज्ज्ञाच्या अहवालाइतकं वजन या चार शब्दांना येतं, कारण ते कंपनीच्याच माणसाने लिहिलेले असतात.

गाडी परत घेताना पाच गोष्टी तपासा. आत आल्याचं आणि बाहेर पडल्याचं किलोमीटर रीडिंग. आत आल्याची आणि परत मिळाल्याची तारीख. काय निदान केलं. कुठला पार्ट बदलला, त्याचा पार्ट नंबर. आणि वॉरंटीखालच्या कामाचं शून्य रुपयांचं बिल. "पैसे नाहीत म्हणून बिल नाही" हे ऐकून घरी येऊ नका. तेच गिअरबॉक्सचं काम तीनदा झालं हे सिद्ध करणारं कागदपत्र म्हणजे ही तीन शून्य रुपयांची बिलं. सॉफ्टवेअर अपडेट केलं असेल तर आधीचं आणि नंतरचं व्हर्जन लिहून मागा. बदललेला पार्ट कंपनी परत घेते, तो तुम्हाला मिळणार नाही, पण त्याचा आणि त्यावरच्या लेबलचा फोटो काढू द्यायला सहसा कोणी हरकत घेत नाही.

समाधान झाल्याच्या जागी सही करताना सावध राहा. दोष तसाच असेल तर सहीच्या वर "तक्रार कायम आहे, गाडी हरकत नोंदवून ताब्यात घेतली" असं हाताने लिहा. आता बऱ्याच ठिकाणी सहीऐवजी ओटीपी मागतात. तो दिल्यावर पाच मिनिटांत त्याच मजकुराचा ईमेल करा. समाधानाच्या फोन सर्व्हेसाठी "दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा पगार कापतात" अशी गळ घातली जाते. अॅडव्हायझरची अडचण खरी असते, पण तुमचे दहा गुण कंपनीच्या रेकॉर्डमध्ये 'ग्राहक समाधानी' म्हणून राहतात. दोष गेला नसेल तर तसंच सांगा.

वॉरंटी संपायला महिना राहिला असताना उरलेल्या सगळ्या तक्रारी एकदा नोंदवून घ्या, अगदी किरकोळ सुद्धा. वॉरंटीच्या काळात नोंदलेली आणि न सुटलेली तक्रार मुदत उलटल्यावरही वॉरंटीतलीच असते, हे ईमेलमध्ये स्पष्ट लिहून ठेवा.

नकाराची नेहमीची कारणं आणि त्यांना द्यायची उत्तरं

कुठलाही नकार आला की पहिला प्रश्न एकच: वॉरंटीच्या कुठल्या कलमाखाली, कुठल्या तपासणीवरून? उत्तर लेखी मागा. तोंडी दिलेले अर्धे नकार इथेच विरघळतात, कारण लिहून द्यायचं म्हटलं की वर्कशॉपला कंपनीच्या एरिया मॅनेजरला विचारावं लागतं.

"क्लच प्लेट झिजली, झीज वॉरंटीत बसत नाही." क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर या झिजणाऱ्याच वस्तू आहेत आणि बहुतेक वॉरंटी त्या वगळतात. पण सात-आठ हजार किलोमीटरवर क्लच गेला असेल तर झीज का झाली हा प्रश्न उरतो. उघडलेल्या क्लचचे फोटो आणि प्लेटच्या जाडीचं माप मागा. प्लेटवर ऑइल असेल तर सील गळतंय, म्हणजे ती चालकाच्या सवयीने झालेली झीज नाही. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील तर क्लच तापलेला आहे. तो अर्धा दाबून चालवल्यानेही तापतो आणि पूर्ण न सुटणाऱ्या यंत्रणेमुळेही, तेव्हा रिलीज बेअरिंग आणि हायड्रॉलिक सिलिंडर तपासल्याचा उल्लेख कागदावर हवा.

"इंधनात भेसळ आहे." इंजेक्टर किंवा फ्युएल पंप गेला की हे कारण हमखास येतं. ते म्हणणाऱ्याने नमुना दाखवायला हवा. टाकीतून आणि फिल्टरमधून तुमच्यासमोर नमुना काढायला सांगा, प्रत्येकी दोन स्वच्छ बाटल्यांत, सीलवर दोघांच्या सह्या, एक बाटली तुमच्याकडे. नमुना न घेता टाकी रिकामी केली असेल तर ती गोष्ट त्याच दिवशी ईमेलमध्ये नोंदवा. इंधनाची बिलं यासाठीच जपायची असतात. इथेनॉलचं कारण दिलं तर इंधनाच्या झाकणावरचं स्टिकर आणि मॅन्युअलमधलं इंधनाचं पान फोटो काढून जोडा. गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी योग्य आहे असं कंपनीनेच लिहिलं असेल तर पंपावर मिळणारं ई२० भरणं हा ग्राहकाचा दोष ठरत नाही.

"बाहेरून अॅक्सेसरी बसवली, वायर कापली." कंपनीचं वॉरंटी कलम नीट वाचा. बहुतेक ठिकाणी फेरफारामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, सगळी वॉरंटी आपोआप संपत नाही. हॉर्न बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारली तर या दोहोंचा संबंध काय, हे लेखी मागा. अॅक्सेसरी त्याच डीलरकडे बसवली असेल तर ते बिल शोधून ठेवा. मात्र मुख्य वायरिंगला जोड देऊन बाहेरून बसवलेले दिवे किंवा म्युझिक सिस्टीम असेल आणि तक्रार इलेक्ट्रिकल असेल, तर तुमची बाजू कमकुवत आहे हे मान्य करून चालायला हवं.

"इंजिनात पाणी गेलं." साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यामुळे इंजिनात पाणी शिरलं असेल तर ते वॉरंटीत येत नाही, विम्यातही त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. पण तसं घडलं असेल तर खुणा असतात: ओला किंवा गाळ बसलेला एअर फिल्टर, वाकलेला कनेक्टिंग रॉड. त्यांचे फोटो मागा. खुणा नसताना केलेला हा दावा आव्हान देण्यासारखा असतो.

"हे नॉर्मल आहे." यावरचा उपाय सोपा आणि परिणामकारक आहे. त्याच मॉडेलची, त्याच इंजिन-गिअरबॉक्सची, साधारण तेवढीच चाललेली दुसरी गाडी मागा आणि दोन्ही एकाच रस्त्यावर लागोपाठ चालवा. फरक दिसला तर तो जॉब कार्डवर घ्या. तुलना नाकारली तर ती मागितल्याचा ईमेल तुमच्या फाइलमध्ये जाऊ द्या.

रिकॉल आहे का ते बघा

१७ अक्षरांचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं, तपासता येतो. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेच्या वेबसाइटवरही कंपन्यांनी स्वतःहून जाहीर केलेल्या रिकॉलची यादी असते. याशिवाय जाहीर न केलेल्या सर्व्हिस मोहिमा आणि तांत्रिक बुलेटिन असतात. त्यांची माहिती फक्त वर्कशॉपच्या सिस्टीममध्ये असते, म्हणून "माझ्या चेसिस नंबरवर कुठलं बुलेटिन प्रलंबित आहे का" हे लेखी विचारा.

दोष सुरक्षेचा असेल, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं, आग, तर तो केवळ तुमच्या गाडीपुरता राहत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि केंद्र सरकारला सक्तीने रिकॉल करायला लावण्याचा अधिकार मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत, सात वर्षांपेक्षा कमी जुन्या वाहनांसाठी. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशीचं चाक फिरतं, म्हणून परिवहन खात्याच्या रिकॉल पोर्टलवर आपली तक्रार नोंदवाच. तिथून तुम्हाला वैयक्तिक भरपाई मिळणार नाही, पण तीच तक्रार करणारा पुढचा माणूस एकटा राहणार नाही.

पायरीपायरीने वर

क्रम असा ठेवा: सर्व्हिस मॅनेजर, डीलरशिपचा प्रमुख, कंपनीचा एरिया किंवा रीजनल सर्व्हिस मॅनेजर, कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र, शेवटी कंपनीचं मुख्य कार्यालय. प्रत्येक पायरीला सात दिवस द्या. सगळं एकाच ईमेल साखळीत ठेवा म्हणजे कोणी "मला माहीत नव्हतं" म्हणू शकणार नाही. फोनवर काही ठरलं तर लगेच ईमेल: "आज दुपारच्या फोनवर आपण सांगितल्याप्रमाणे..." समोरच्याने त्याचं खंडन केलं नाही तर तेच रेकॉर्ड होतं.

ईमेल लांबलचक नको. असा पुरतो:

"माझी गाडी (मॉडेल, नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक) अमुक तारखेला आपल्या अधिकृत डीलरकडून घेतली. तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये येताना गिअर अडकतो ही तक्रार पुढील चार जॉब कार्डांवर नोंदली आहे: (क्रमांक, तारीख, किलोमीटर, केलेलं काम). चारही दुरुस्त्यांनंतर दोष कायम आहे. गाडी एकूण इतके दिवस वर्कशॉपमध्ये होती. कृपया (१) दोषाचं मूळ कारण लेखी कळवावं, (२) आपल्या तांत्रिक अधिकाऱ्याकडून माझ्या उपस्थितीत संयुक्त तपासणी करावी, (३) दोष १५ दिवसांत कायमचा दूर करावा, अन्यथा गाडी बदलून किंवा रक्कम परत द्यावी. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागावी लागेल."

यात शिव्या, धमक्या, 'मानसिक छळ' वगैरे काही नाही, आणि ते बरंच आहे. हा कागद उद्या आयोगाचे सदस्य वाचणार आहेत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीत तुमची फाइल वर्कशॉपच्या वरच्या टेबलावर जाते आणि बऱ्याच मध्यम स्वरूपाच्या तक्रारी तिथे सुटतात. तक्रारीचा नंबर आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

ग्राहक आयोगात जाताना

मुदत सगळ्यात आधी. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत प्रकरण दाखल करावं लागतं, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ६९. उशीर माफ होऊ शकतो पण त्याला सबळ कारण लागतं, आणि "आमचा पत्रव्यवहार चालू होता" हे कारण पुरेलच असं नाही. कंपनी मुद्दाम गोड ईमेल पाठवत राहते तेव्हा हे लक्षात ठेवा.

कुठे दाखल करायचं हे गाडीसाठी दिलेल्या रकमेवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, शोरूम दुसऱ्या शहरात असली तरी. शुल्क अगदी कमी आहे: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. वकील सक्तीचा नाही, पण कंपनी तज्ज्ञ वकील उभा करते आणि निर्मितीदोषाच्या प्रकरणात उलटतपासणीचे प्रश्न तांत्रिक असतात, तेव्हा मोठी रक्कम गुंतली असेल तर वकील घ्यावा हे बरं. नोटीस बजावणंही सक्तीचं नाही, तरी १५ दिवसांची एक नोटीस स्पीड पोस्टने, पोच घेऊन, डीलर आणि कंपनी दोघांना पाठवाच.

दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. डीलर आणि कंपनी यांच्यातला करार बहुधा स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला असतो, आणि डीलरच्या चुकीला कंपनी आपोआप जबाबदार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये एका गाडीच्याच प्रकरणात म्हटलं आहे. म्हणून कोणाची काय चूक हे तक्रारीत वेगवेगळं मांडा: दोष कंपनीच्या निर्मितीतला, चुकीची दुरुस्ती आणि चुकीची नोंद डीलरची.

टॅक्सी स्वतः चालवून पोट भरणारा मालक ग्राहक ठरतो, गाड्यांचा ताफा भाड्याने देणारा सहसा नाही. कंपनीच्या नावावर पण संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी केवळ नावामुळे व्यावसायिक ठरत नाही, हे जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झालं आहे.

आता मागणी. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. "नवी गाडीच द्या" एवढीच मागणी लिहिली आणि आयोगाला दोष दुरुस्त होण्याजोगा वाटला तर पंचाईत होते. क्लचच्या तक्रारीच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं होतं: वॉरंटी पार्ट बदलून देण्याची असेल तर त्यापोटी अख्खी गाडी मागता येत नाही. म्हणून मागण्या पर्यायी लिहा. पहिली, रक्कम व्याजासह परत, रोड टॅक्स आणि विम्यासह. ती नाही तर त्याच मॉडेलची नवी गाडी. तीही नाही तर संपूर्ण गिअरबॉक्स किंवा इंजिन असेंब्ली नवी, आणि त्यावर बदलल्या दिवसापासून पूर्ण मुदतीची नवी वॉरंटी. शिवाय भरपाई आणि खर्च. भरपाईला पुरावा जोडा: वर्कशॉपमधल्या दिवसांची टॅक्सीची बिलं, टोइंगच्या पावत्या, त्या काळात भरलेले कर्जाचे हप्ते.

दोष सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी तक्रारदाराची. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर कलम ३८ खाली आयोग गाडी तपासायला पाठवू शकतो, त्याचं शुल्क सुरुवातीला तुम्हाला भरावं लागतं. हा अर्ज तक्रारीबरोबरच द्या, दोन वर्षांनी नाही. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक अशी नावं सुचवता येतात. स्वतःच्या तज्ज्ञाकडून आधी तपासणी करून घेणार असाल तर कंपनीला सात दिवस आधी कळवा आणि हजर राहायला सांगा. पाठीमागे केलेल्या तपासणीच्या अहवालाला फारसं मोल राहत नाही. एकाच दोषाची पाच-सहा जॉब कार्डं असतील तर ती स्वतःच बोलतात, तिथे तज्ज्ञाची गरज कमी पडते. सुरक्षेच्या दोषात तर न्यायालयं ग्राहकाकडून शास्त्रज्ञाची अपेक्षा धरत नाहीत. पुढून धडक बसूनही एअरबॅग उघडल्या नाहीत, त्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धडकेचा वेग आणि बल यांचं गणित मांडणं हे ग्राहकाचं काम नाही, आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

तक्रारीला सगळ्यात उपयोगी जोडपत्र म्हणजे एका पानाचा तक्ता: तारीख, किलोमीटर, जॉब कार्ड क्रमांक, तुमची तक्रार, वर्कशॉपची नोंद, केलेलं काम, गाडी किती दिवस आत. सदस्य तोच आधी बघतात. व्हिडिओ आणि ईमेलसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेला नसला तरी हरकतीला जागा कशाला ठेवायची?

कायद्यात तपासणी नसलेल्या प्रकरणाला तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने ही निकालाची मुदत आहे. प्रत्यक्षात वर्षं लागतात, आणि त्या तयारीनेच उतरावं. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि वर फार तर १५ दिवस मिळतात. ४५ दिवस उलटल्यावर उत्तर आलं तर ते स्वीकारू नये, असा अर्ज त्याच तारखेला द्या. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर ऐकून घ्या. नवी असेंब्ली आणि वाढीव वॉरंटी असा तोडगा दोन महिन्यांत मिळत असेल तर तो पाच वर्षांनी मिळणाऱ्या परताव्यापेक्षा अनेकदा चांगला असतो. तडजोड झाली तर ती आयोगाच्या आदेशात नोंदवून घ्या, नुसत्या ईमेलवर तक्रार मागे घेऊ नका.

दरम्यान गाडीचं काय

गाडी वापरत राहिलात तर कंपनी म्हणते, "पन्नास हजार किलोमीटर चालली, मग दोष कसला?" वापरली नाही तर हप्ता चालू आणि गाडी सडते. दोष सुरक्षेचा असेल तर चालवू नका, आणि तसं तारखेसह लेखी कळवा. नसेल तर वापरा, पण "दुसरी गाडी परवडत नसल्याने नाइलाजाने वापरत आहे, हक्क राखून" असा एक ईमेल पाठवून ठेवा. प्रत्येक सर्व्हिस वेळेवर, अधिकृत ठिकाणीच करा. एक सर्व्हिस चुकली की कंपनीच्या हाती आयता मुद्दा जातो. गाडी वर्कशॉपमध्ये सोडून दिली तर रोजच्या पार्किंग शुल्काचं पत्र येतं, त्याला लगेच उत्तर द्या: गाडी दुरुस्त होऊन चाचणीत दोषमुक्त आढळल्यावर नेली जाईल. आणि प्रकरण चालू असताना आयोगाला न सांगता गाडी विकू नका, तपासायला वस्तूच उरत नाही.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील होऊ शकतं. पैसे देण्याचा आदेश असेल तर कंपनीला निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. अपील नाही आणि पालनही नाही, अशा वेळी कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज त्याच आयोगात करायचा. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडी परत करायचा आदेश असेल तर ताबा देताना चावी, कागदपत्रं आणि किलोमीटर रीडिंगची पोच घ्या, आरटीओतल्या नाव बदलाच्या अर्जांवर कंपनीच्या अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय गाडी सोडू नका, आणि बँकेचा बोजा कोणी उतरवायचा हे आदेशातच लिहून घ्या.